पडद्यावर दिसलेला रंग

श्रीरंजनी शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि माणसाच्या पोटात तिने स्वतःच्या हाताने अजून एकही मोठी शस्त्रक्रिया केली नव्हती. घरी अम्मा शेजारणींना सांगायची की माझी मुलगी सर्जन आहे. श्रीरंजनी तेव्हा खोलीतून बाहेर यायची नाही.

दोष तिचा नव्हता. पहिलं वर्ष नेहमीसारखंच गेलं, जखमा बांधण्यात, रक्त काढण्यात आणि मोठ्यांच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडा ओढून धरत उभं राहण्यात. दुसऱ्या वर्षी हातात सुरी यायची, असा तिथला रिवाज. पण दुसरं वर्ष उजाडलं आणि टाळेबंदी आली. चेन्नईतलं ते मोठं सरकारी रुग्णालय बघता बघता कोविडचं झालं. पित्ताशयाचे, थायरॉइडचे, हर्नियाचे सगळे रुग्ण ‘कोरोना गेल्यावर या’ असं सांगून घरी धाडले गेले. सर्जरीच्या वॉर्डात प्राणवायूच्या नळ्या आल्या. श्रीरंजनी आणि तिच्या बरोबरीचे सगळे पीपीई किट घालून लोकांना पालथं झोपवू लागले, बोटाला चिमटा लावून आकडे बघू लागले. शिकणं उरलं ते लॅपटॉपवर.

तिचे गुरू डॉ. उपेंद्र. साठी उलटलेली, हृदयाची बायपास झालेली. रुग्णालयाने त्यांना घरीच बसायला सांगितलं होतं. अण्णा नगरातल्या आपल्या फ्लॅटमधून ते संध्याकाळी वर्ग घ्यायचे. पडद्यावर मुलांच्या नावांचे काळे चौकोन असायचे आणि मधल्या एका चौकोनात सरांचा चेहरा. वर्ग चालू असताना कधी त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची. काही मुलं हजेरी लावून झोपी जायची, कारण ती वॉर्डातून नुकतीच सुटलेली असायची. सरांना ते कळायचं. ते कुणाला बोलायचे नाहीत.

श्रीरंजनीवर त्यांचा जीव होता, त्याला एक साधं कारण होतं. दोघंही तंजावरच्या मराठी घरांतली. पहिल्या दिवशी तिच्या नावापुढे दत्ताजी हे वडिलांचं नाव वाचून त्यांनी मान वर केली होती आणि सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘‘आमच्यांतली का गे तूं?’’ तेव्हापासून एरवी तमिळ आणि इंग्रजी चालायचं, पण दोघंच असली की ते तिच्याशी घरच्या मराठीत बोलायचे. तिची मराठी मोडकी होती. त्यांची जुनी, आजोबांच्या तोंडातली होती.

एका वर्गात सर म्हणाले की बोलून सर्जरी येत नाही, उद्यापासून मला तुमचे हात दिसले पाहिजेत. बकऱ्याचं आतडं आणा, कापा आणि कॅमेऱ्यासमोर जोडा. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. श्रीरंजनीने मनावर घेतलं. क्रोमपेटला घराजवळ एक खाटीक होता. अप्पा, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले दत्ताजी, तोंडाला दोन मास्क लावून सकाळीच त्याच्याकडे जायचे आणि आतडं डब्यात घालून हॉस्टेलच्या फाटकावर आणून द्यायचे. फाटकाच्या आत त्यांना येता यायचं नाही. डबा ठेवून ते मागे सरकायचे, मग ती पुढे होऊन उचलायची. ‘‘जेविलीस का गे?’’ एवढंच ते लांबून विचारायचे.

हॉस्टेलच्या खोलीत टेबलावर प्लास्टिक अंथरून ती आतड्याचे दोन तुकडे जोडायची. सर पडद्यावरून बघायचे. टाका फार जवळ पडला, सुई अजून उभी धर, गाठ आवळू नको, नुसती बसव. जोडून झालं की ते त्यात पाणी भरायला लावायचे आणि दाबायला सांगायचे. सुरुवातीला पाणी सगळीकडून ठिबकायचं. मग एका टाक्यातून. मग एक दिवस ते ठिबकलंच नाही. सर थोडा वेळ पडद्याजवळ तोंड आणून बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘सेरी, ठीक. आतां माणसाचें जोडशील.’’

ती त्या आनंदात कितीतरी दिवस होती. वॉर्डात माणसं मरत होती, आणि तरी आपल्याला काहीतरी येतं ही एक जागा तिच्या मनात शाबूत राहिली होती.

दुसरी लाट आली ती चेन्नईच्या भर उन्हाळ्यात. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रुग्णवाहिका एकामागे एक उभ्या राहायच्या आणि त्यांच्या आतच लोकांना प्राणवायू दिला जायचा. किटच्या आत घाम पाठीवरून बुटांपर्यंत यायचा. कोविड असलेल्या रुग्णांच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी एक वेगळं ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, राखून ठेवलं होतं आणि ते सांभाळायच्या डॉ. हेमलता. श्रीरंजनी त्यांच्या हाताखाली होती. हेमलता मॅडम कमी बोलायच्या, भराभर काम उरकायच्या आणि सुरी दुसऱ्याच्या हातात देण्याइतका वेळ त्यांच्याकडे कधी नसायचा. एका सकाळी त्यांना ताप भरला. दुपारपर्यंत त्या स्वतःच वॉर्डात रुग्ण म्हणून पडल्या होत्या.

त्याच दुपारी पूंगोडी आली.

ती एन्नोरची, बाजारात मासे विकणारी, चाळिशीची बाई. नवरा एळुमलै तिला दोन खासगी रुग्णालयांच्या दारातून परत फिरवून इथे घेऊन आला होता. पोट फुगलेलं, उलट्या हिरव्या, आणि उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ, दगडासारखी कठीण. चाचणीत कोविड निघाला. श्रीरंजनीने गाठीवर हात ठेवताच ती कळवळली. मग धापा टाकत तिने तमिळमध्ये सांगितलं की ही गाठ जुनीच आहे, हिचं ऑपरेशन इथेच ठरलं होतं, कपड्यांची पिशवी भरून ती आलीसुद्धा होती, पण कोरोना गेल्यावर ये म्हणून तुम्हीच परत पाठवलंत. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपण सांगितल्याप्रमाणे वागलो, एवढंच तिला ठसवायचं होतं.

हर्नियात आतडं अडकून पडलं होतं. ते आत सडायला लागलेलं असणार हे श्रीरंजनीला कळत होतं. दुसरे सर्जन वरच्या ओटीत एका अपघाताच्या रुग्णात गुंतले होते आणि त्यांना तास-दोन तास तरी लागणार होते. विभागप्रमुखांना फोन केला तेव्हा ते म्हणाले की थांबलात तर बाई जाईल, तू सुरू कर, कुणीतरी येईल. कुणी येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

तिने उपेंद्र सरांना फोन लावला.

‘‘घाबरूं नको,’’ सर म्हणाले. ‘‘व्हिडिओ लाव. मी आहें.’’

ओटीत भूल द्यायला डॉ. मुरली होते, मदतीला पहिल्या वर्षाचा कार्तिक, आणि सिस्टर सुष्मिता. सुष्मिताने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून श्रीरंजनीच्या खांद्यापाशी धरला. चष्म्यावर वाफ धरली होती. श्रीरंजनीने सुरी हातात घेतली. सरांचा आवाज कानाशी होता. कातडी, मग खालचा थर, मग हर्नियाची पिशवी. पिशवी उघडताच काळं पाणी आलं आणि त्यात आतड्याचा एक वेढा, वांग्याच्या रंगाचा. आवळणारा कडक पट्टा तिने सैल केला. गरम ओला कपडा गुंडाळून ते सगळे थांबले. रंग परतला नाही. सर म्हणाले, काप.

तिने मेलेला भाग कापून काढला. आता दोन तोंडं उरली. ती जोडायची, की वरचं तोंड पोटाच्या कातडीतून बाहेर काढून पिशवी लावायची, हा निर्णय होता. बाहेर काढलं तर बाईला महिनोन्‌महिने पोटावर पिशवी वागवावी लागणार, आणि मासे विकणाऱ्या बाईला ते सोपं नाही. पण जोड जर धरला नाही, तर पोटात विष पसरणार.

श्रीरंजनीने वरच्या तोंडाची कड बोटांत धरली. कापलेल्या कडेतून रक्त यायला हवं तसं येत नव्हतं. यायचं, पण सावकाश आणि काळसर. दोन हातमोज्यांतून तिला ती कड गार वाटली. हा भास आहे की खरं, हे तिला ठरवता येईना. बकऱ्याच्या मेलेल्या आतड्याला रक्त नसतं. रक्त पुरेसं आहे की नाही हे बघायची वेळ तिच्यावर आजवर आलीच नव्हती.

ती मराठीत म्हणाली, ‘‘सर, कडेला रक्त कमी वाटतंय.’’

‘‘फोन जवळ आण. दिव्याचा उजेड त्यावर पाड.’’

श्रीरंजनीने खूण केली, तसा सुष्मिताने फोन खाली नेला. वरच्या मोठ्या दिव्याचा उजेड आतड्यावर पडला.

‘‘गुलाबी दिसतें गे. छान गुलाबी. जोड.’’

‘‘सर, हाताला...’’

‘‘पहिल्यांदा सगळ्यांना असें वाटतें. तुझा जोड मी पाहिलाय. जोड.’’

मुरलींनी तमिळमध्ये विचारलं की काय चाललंय, रक्तदाब खाली आहे, लवकर आटपा. त्या ओटीत मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने सांगितलं की सर जोडायला म्हणतायत. मुरलींनी मान हलवली. सर म्हणतायत म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं?

तिने जोडलं. टाके सुंदर पडले. कार्तिक नंतर बाहेर सगळ्यांना सांगत होता की अक्काने काय जोडलंय, बघायला पाहिजे होतं. संध्याकाळी एळुमलैला फाटकाशी जाऊन तिनेच कळवलं. त्याने दोन्ही हात जोडले. त्या रात्री श्रीरंजनीने घरी फोन करून अम्माला सांगितलं की आज मी ऑपरेशन केलं. अम्मा रडली. ती बाजूला जाऊन देवापुढे बसली आणि फोन तसाच चालू राहिला.

पहिले काही दिवस पूंगोडी बरी होती. चहा मागायची. श्रीरंजनी किट घालून आत गेली की ती डोळ्यांवरून तिला ओळखायची आणि ‘‘पाप्पा, वा’’ म्हणायची, ये बाळ. मग एका सकाळी तिची नाडी धावत होती, अंगात ताप होता, आणि जांघेच्या जखमेवरची पट्टी हिरवट-पिवळ्या पाण्याने भिजलेली होती. श्रीरंजनीने पट्टी उचलली, वास घेतला, आणि ती तिथेच खाटेचा दांडा धरून उभी राहिली. जोड सुटला होता.

सरांना तिने फोनवर सांगितलं.

‘‘मी येतों,’’ सर म्हणाले.

त्यांना नको म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. पण पोट पुन्हा उघडायचं होतं. सडक्या पाण्यात हात घालायचा होता, आणि यावेळी तिला आपल्या बोटांवर काडीचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी यावं असं तिला वाटत होतं. हे ती पुढे कधी नाकारू शकली नाही.

थोड्याच वेळात तिचा फोन पुन्हा वाजला. सरांची बायको, तुळसी. श्रीरंजनीने त्यांना एकदाच पाहिलं होतं, पडद्यावर, सरांच्या मागून औषधाची गोळी पुढे करताना.

‘‘तूंच ना ती मुलगी?’’ तुळसी म्हणाल्या. ‘‘ते निघाले. माझें ऐकत नाहींत. किल्ली लपविली तर ऑटोनें जातों म्हणाले. त्यांची छाती उघडलेली आहे गे. तूं त्यांना आंत घेऊं नको. दारातूनच परत पाठव. तुझ्या पायां पडतें.’’

‘‘मॅडम, इकडे बाई...’’

‘‘कळतें मला. तिचाही कोणी असेल. पण हें माझें माणूस आहे.’’

श्रीरंजनी म्हणाली, ‘‘मी सांगते त्यांना.’’

सर आले ते भिंतीला हात लावत. वर्षभर ती त्यांना फक्त पडद्यावर बघत आली होती, ते इतके वाळलेत हे तिथे कळलं नव्हतं. किट चढवायच्या खोलीत ते बाकावर बसले आणि बुटांवरची आवरणं घालताना त्यांना दम लागला. श्रीरंजनी समोर उभी होती. तिने तुळसींना शब्द दिला होता. ती एवढंच म्हणाली, ‘‘मॅडमचा फोन आला होता.’’

‘‘असेल,’’ सर म्हणाले. ‘‘मागची दोरी बांध.’’

तिने दोरी बांधली.

यावेळी पोट मधून उघडलं. आतली अवस्था वाईट होती. सर तिच्या समोरच्या बाजूला, मदतनिसाच्या जागी उभे राहिले. सुरी त्यांनी घेतली नाही. तिने एकदा ती पुढे केली तेव्हा त्यांनी मान हलवली. सगळं धुऊन झाल्यावर तिने सुटलेल्या जोडाची वरची बाजू उचलली आणि थांबली. तेव्हा सरांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. तिचं बोट धरून त्यांनी आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यातून हळूहळू वर नेलं. इथे काही नाही. इथेही नाही. इथे? आणि तिथे तिच्या बोटाखाली एक बारीक ठोका लागला, मोज्यांच्या दोन थरांतूनसुद्धा, चिमणीच्या छातीसारखा.

‘‘इथून कापायचें होतें,’’ सर म्हणाले. ‘‘त्या दिवशीं.’’

तिने तिथून कापलं. आतडं कातडीतून बाहेर काढलं, उलटवून शिवलं, पिशवी लावली. सरांनी बोटाने दाखवायचं आणि तिने करायचं, असंच शेवटपर्यंत चाललं. एकदा तिचा टाका फार खोल जातोय असं वाटून त्यांनी तिचं मनगट नुसतं दाबलं. वर्षभराच्या सगळ्या वर्गांत तिला जे कळलं नव्हतं, ते त्या दुपारी तिच्या हातात येत होतं, आणि त्याची किंमत समोरच्या किटमध्ये धापा टाकत उभी होती. हेही तिला दिसत होतं.

त्या आठवड्याच्या बैठकीत विभागप्रमुखांनी जोड का सुटला याचा खुलासा मागितला. बैठक ऑनलाइनच होती. श्रीरंजनीने माइक चालू केला, पण सर आधी बोलले. ते म्हणाले की मुलीला कडेला रक्त कमी वाटत होतं, तिने मला सांगितलं होतं. मी फोनवर बघितलं. फोनवर दिव्याखाली सगळंच गुलाबी दिसतं. मी जोड म्हणालो. तेव्हा ही चूक माझ्या नावावर घ्या. मग विभागप्रमुख पुढच्या विषयाकडे वळले. बोलता बोलता सर दोनदा खोकले होते, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

दोन दिवसांनी त्यांना त्याच रुग्णालयात दाखल केलं.

पूंगोडीचं पोट बरं होत होतं. ताप उतरला, पिशवी भरू लागली, आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड लालबुंद आणि ओलं होतं. ती पिशवीकडे बघायची नाही. श्रीरंजनीने तिला समजावलं की थोड्या महिन्यांनी हे पुन्हा आत घालता येईल. पूंगोडीने विचारलं की तोवर बाजारात बसता येईल का, वास येईल का? माशांच्या वासात कुणाला कळणार, असं श्रीरंजनी म्हणाली, आणि ती बाई त्या वॉर्डात पहिल्यांदा हसली.

पण तिची फुफ्फुसं हसण्याच्या अवस्थेत राहिली नाहीत. चिमट्यावरचा आकडा रोज थोडा खाली येऊ लागला. नाकातली नळी गेली, मास्क आला, मग मोठा मास्क. पालथं झोपवावं तर पोटावर ताजी जखम आणि पिशवी. श्रीरंजनी आणि कार्तिकने उशा लावून तिला कुशीवर ठेवलं, दर थोड्या वेळाने कूस बदलली. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. एक रिकामा झाला तेव्हा त्याच्यासाठी तिच्याहून तरुण दोन माणसं होती. श्रीरंजनी मुरलींशी भांडली, मग विभागप्रमुखांशी, मग भांडण्यासारखं कुणी उरलं नाही. पूंगोडी एका दुपारी गेली. ऑपरेशन केलेलं सगळं त्या वेळी जागच्या जागी, नीट होतं.

फाटकाशी एळुमलै चिंचेच्या सावलीत बसला होता. पहिल्या दिवसापासून तो तिथेच असायचा, फक्त आंघोळीला एन्नोरच्या बसने घरी जाऊन यायचा. श्रीरंजनीने त्याला सांगितलं. फुफ्फुसं गेली, असं सांगितलं. मग, ते तिला आत ठेवता येईना म्हणून, हेही सांगितलं की पहिल्या वेळी आमचा जोड सुटला होता, पुन्हा पोट उघडावं लागलं, त्यात तिची ताकद गेली. त्याने ते ऐकलं की नाही कळलं नाही. मृतदेह गुंडाळलेलाच मिळेल, चेहरा बघता येणार नाही, हे शेजारच्या शिपायाने त्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली. मग तो श्रीरंजनीला म्हणाला, ‘‘ती गाठ गेली ना, अम्मा? लई वर्षं दुखत होती तिला.’’

‘‘गेली,’’ श्रीरंजनी म्हणाली.

त्याच दिवशी ती किट घालून सरांच्या वॉर्डात गेली. सर मोठ्या मास्कखाली होते. प्राणवायूच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून ती खाटेवर वाकली. त्यांनी बोटाने पोटाशी एक गोल काढला. आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड, तो स्टोमा कसा आहे, असं ते विचारत होते.

‘‘चांगला होता सर. लाल होता. शेवटपर्यंत.’’

होता, हे त्यांनी ऐकलं. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी मास्क किंचित वर केला. तिने तो परत खाली दाबायला हात नेला, पण त्यांनी तिचा हात धरला.

‘‘तुझ्या बोटाला कळलें होतें,’’ ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले. ‘‘मी मध्यें बोललों. पुढच्या वेळीं मला फोन करूं नको.’’

तिने मास्क नीट बसवला. बाहेर येऊन किट उतरवायच्या खोलीत ती बाकावर बसून राहिली. हातमोजे काढायचे राहून गेले.

रोज संध्याकाळी तुळसींचा फोन यायचा. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्या कधी रागावल्या नाहीत. आकडा किती, जेवण गेलं का, गोळी दिली का, एवढंच विचारायच्या आणि ठेवायच्या. त्यांनी त्या दिवसाचा विषय काढावा, तिला दोन शब्द बोलावेत, यासाठी श्रीरंजनी अक्षरशः वाट बघायची. त्या बोलल्या नाहीत. सरांना अतिदक्षता विभागात हलवलं तेव्हा हे त्यांना तिनेच कळवलं. मग तुळसी म्हणाल्या, ‘‘बरें,’’ आणि फोन ठेवला.

सर वाचले. का वाचले ते कुणाला सांगता आलं नाही, जशी इतरांच्या जाण्याची कारणं सांगता येत नव्हती. पण फुफ्फुसं पूर्वीची राहिली नाहीत. घरी नेलं ते प्राणवायूच्या यंत्रासकट. बोलताना दोन वाक्यांमध्ये थांबावं लागायचं. संध्याकाळचे वर्ग दुसऱ्या एका प्राध्यापकांनी घेतले. त्यांच्याकडे छान रंगीत चित्रं होती.

हेमलता मॅडम बऱ्या होऊन परत आल्या. आल्या त्याच आठवड्यात एक फुटलेल्या अल्सरचा रुग्ण आला. त्यांनी श्रीरंजनीला पुढे उभं केलं आणि आपण समोर राहिल्या. श्रीरंजनीने ते ऑपरेशन नीट केलं. नंतरही बरीच केली. लांबलेली परीक्षा अखेर झाली आणि ती उत्तीर्ण झाली. अप्पांनी पेढे आणले, अम्माने शेजारणींना बोलावलं. यावेळी श्रीरंजनी बाहेर येऊन बसली, पण कुणी अभिनंदन केलं की ती पेढ्यांचं ताट पुढे करायची.

निकालानंतरच्या रविवारी ती मेट्रोने अण्णा नगरला गेली. सरांना आधी कळवलं नव्हतं. फोन करू नको म्हणाले होते, ते तिने इथेही लागू धरलं होतं. लिफ्टने वर जाऊन तिने घंटी वाजवली. दार तुळसींनी उघडलं. त्या पडद्यावर दिसल्या होत्या त्याहून लहानखुऱ्या होत्या. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

‘‘ते निजलेत,’’ त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग सरांचा आवाज आला, दमलेला, पण जागा. कोण आलंय, असं ते विचारत होते.

तुळसींनी मागे वळून बघितलं नाही. त्या श्रीरंजनीकडेच बघत होत्या.

‘‘पास झालीस म्हणे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऐकलें मी. त्यांना आनंद झाला.’’

‘‘मॅडम, त्या दिवशी मी त्यांना...’’

‘‘तूं मला सांगतें म्हणालीस. तूं सांगितलें नाहींस.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘‘तुला ते हवे होते. मला कळतें. मीही तुझ्या जागीं असतें तर कदाचित तसेंच केलें असतें. पण मी तुझ्या जागीं नाहीं.’’

आतून सरांनी पुन्हा विचारलं, आणि बोलता बोलता त्यांना खोकला लागला. तुळसींनी आत वळून ‘‘कोणी नाहीं, आलें’’ म्हटलं, आणि दार हलक्या हाताने लावून घेतलं.

श्रीरंजनी जिन्याने खाली उतरली. रस्त्यावर रविवारची गर्दी परत आली होती. हॉटेलांपुढे लोक मास्क हनुवटीवर ओढून रांगेत उभे होते. मेट्रोत तिला जागा मिळाली. दोन स्टेशनं गेल्यावर रुग्णालयातून कार्तिकचा फोन आला. कॅज्युअल्टीत एक म्हातारा आलाय, पोट फळीसारखं झालंय, काय करू, असं तो विचारत होता. व्हिडिओ लावू का अक्का, फोटो पाठवू का?

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्याजवळ बस. मी येते.’’